मशीन म्हातारं नसतं, मालक आळशी असतो



दसरा जवळ आला. हार्वेस्टरवाल्यांची लगबग सुरू झाली. रंग मारला, नवीन लाइटा लावल्या, स्पीकर बसवला. पण ड्रम उघडून किती जणांनी बघितला?

आज जरा कडू बोलतो, आणि सुरुवात माझ्यापासूनच करतो.

आमचं हार्वेस्टर पंजाबातून सेकंडहँड आणलेलं, जुनं. मागच्या हंगामात भावकीतल्या अण्णांचं सोयाबीन काढलं. नंतर पाऊस झाला आणि आठ दिवसांत त्यांचं रान पेरल्यागत हिरवं झालं. अण्णा मला रानात घेऊन गेले. मी म्हणालो, "मशीन जुनं झालंय अण्णा, थोडं सांडायचंच." अण्णा एवढंच म्हणाले, "पैसे घेताना नाही सांगितलंस, मशीन जुनं हाय म्हणून."

रात्रभर झोप नाही. सकाळी मशीन उघडलं. कटरची पाती बोथट, काही तुटकी. त्यामुळं झाड कापलं न जाता ओढलं जायचं आणि शेंगा हेडरपुढंच फुटायच्या. ड्रमच्या रास्प बारचे कंगोरे घासून गुळगुळीत झालेले. शेंग फुटत नाही म्हणून ड्रायव्हरनं ड्रमचे फेरे वाढवलेले, त्यात दाण्याची डाळ व्हायची. ड्रमखालची जाळी एका बाजूला जवळ, दुसऱ्या बाजूला लांब. पंख्याचा वारा जास्त, म्हणून चांगला दाणाही गुळीबरोबर मागं उडायचा.

सांगा, यात मशीनच्या वयाचा काय संबंध? घासलेला पार्ट बदलता येतो, सुटलेलं अंतर बसवता येतं. नवीन मशीनचंही सेटिंग चुकलं तर ते एवढंच सांडतं. "भंगारात घाला, नवं काढा" म्हणणारे तुमचा हप्ता भरायला येणार नाहीत.

आता हिशेब करा. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर एका चौरस फुटात ४ दाणे पडले म्हणजे एकरी साधारण २० किलो गेलं. २० दाणे पडले म्हणजे एकरी एक क्विंटल! मोंढ्यात किलोभर कटतीसाठी भांडणारे आपण, रानात क्विंटल सोडून येतो.

सांडतंय कुठं, हे मोजल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. चालू कापणीत मशीन थांबवा आणि थोडं मागं घ्या. तीन ठिकाणी दाणे मोजा: उभ्या पिकात, हेडर जिथून गेलं पण मशीनचं मागचं तोंड अजून पोचलं नाही तिथं, आणि मशीनच्या मागं. उभ्या पिकातच दाणे असतील तर तुम्ही काढणीला उशीर केला. हेडरमागं वाढले तर पाती, फिंगर, रील आणि चालायचा वेग बघा. मागच्या तोंडाला वाढले तर ड्रम, जाळी, चाळणी, वारा. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि पुन्हा मोजा.

रास्प बार बदलताना एकटा बदलू नका. समोरासमोरची जोडी सारख्या वजनाची बसवा, नाहीतर ड्रम थरथरतो आणि बेअरिंग खातो. जाळीचं अंतर दोन्ही टोकांना मोजा. आणि हेडरखाली जायच्या आधी इंजिन बंद, चावी खिशात, हेडरला ओंडक्याचा टेका. नुसत्या हायड्रॉलिकवर भरवसा ठेवू नका.

शेतकऱ्यांनो, चूक आपलीही आहे. आपण एकरी भाव पाडतो, "लवकर उरक" म्हणून ड्रायव्हरच्या मागं लागतो आणि बांधावर उभं राहून टँकमधलं सोयाबीन बघतो. मागं पडलेलं कोण बघणार? पहिला फेरा झाला की वाकून मोजा, मग पुढचं रान कापू द्या. कृषी खात्याच्या साहेबांनाही विनंती, वाणाचं प्रात्यक्षिक घेता तसं एकदा सांडलेल्या दाण्यांचंही घ्या.

मी अण्णांचे काढणीचे पैसे परत केले. त्यांनी अर्धेच घेतले. यंदा पहिला फेरा त्यांच्याच रानात मारणार आहे, आणि दाणे अण्णाच मोजणार आहेत.

पटलं तर बघा. नाही पटलं तर रानात जाऊन मोजा.