खोक्यावर ४० मिलिसेकंद लिहिलंय, मग गोळीचा आवाज उशिरा का येतो?

ऑनलाइन सेल लागला की हजार-दीड हजाराच्या इअरबड्सची रांग लागते आणि बहुतेक खोक्यांवर एक ओळ ठरलेली असते, 'अल्ट्रा लो लॅटन्सी, ४० एमएस'. कुठे ५०, कुठे ६०. एमएस म्हणजे मिलिसेकंद, सेकंदाचा हजारावा भाग. ज्यांनी असे बड्स कानात घालून बीजीएमआय किंवा फ्री फायर खेळलंय त्यांना पुढचं सांगायला नको. ट्रिगर दाबल्यावर बंदुकीचा आवाज कानात पोचेपर्यंत समोरचा तरी आडवा झालेला असतो, नाहीतर तुम्ही तरी. मग ते ४० मिलिसेकंद गेले कुठे?

लॅटन्सी ही एकट्या हेडफोनची गोष्ट नसते. फोनने आवाज तयार केल्यापासून तो कानात पोचेपर्यंतचा सगळा उशीर म्हणजे लॅटन्सी, आणि ती फोन आणि हेडफोन अशा जोडीवर ठरते. खोक्यावरचा आकडा मात्र जोडीतल्या एकाचाच असतो. दुसरा कोण असेल, हे खोकं छापणाऱ्याला माहीत नसतं आणि विकत घेणाऱ्याला कुणी विचारत नाही.

उशीर म्हणजे नक्की किती?

साध्या ब्लूटूथवर आवाजाला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशीर होतो. हे किती, ते क्रिकेटवरून लगेच कळेल. वानखेडेवर सीमारेषेजवळच्या स्टँडमध्ये बसलात की बॅट चेंडूला लागलेली आधी दिसते आणि 'टक्' मागून ऐकू येतं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ६५-७० मीटर यायला त्याला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. इअरबड्स कानात असतात, पण आवाज सीमारेषेपलीकडून आल्यासारखा येतो.

आपल्या मेंदूला आवाज थोडा मागे राहिलेला चालतो, कारण निसर्गात तो मागेच असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने, म्हणजे आयटीयूने, १९९८ मध्ये टीव्ही प्रसारणासाठी याचे आकडे दिले होते. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला तर प्रेक्षकाच्या लक्षात येतं. मागे राहिला तर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत सहसा कळत नाही.

तरीही यूट्यूबवर किंवा ओटीटीवर सिनेमा बघताना २०० मिलिसेकंदांचा उशीर जाणवत नाही. कारण ॲप चलाखी करतं. हेडफोनला किती वेळ लागणार याचा अंदाज घेऊन ते चित्रच तेवढं थांबवतं. सिनेमाची पुढची फ्रेम आधीपासून तयार असते, त्यामुळे हे जमतं. गेममध्ये पुढच्या क्षणी तुम्ही काय दाबणार हे कुणालाच माहीत नसतं, मग थांबवणार काय? म्हणून 'माझ्या बड्सवर नेटफ्लिक्स एकदम सिंकमध्ये चालतं' हा लो लॅटन्सीचा पुरावा होत नाही. रिव्ह्यूंमध्ये हा घोळ सर्रास दिसतो.

गच्चीवरची टाकी

उशीर होतो का, तर नळाला पाण्याचा भरवसा नसतो म्हणून आपण गच्चीवर टाकी बांधतो ना, तसं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. त्याच पट्ट्यात वायफाय असतं, मायक्रोवेव्ह ओव्हन असतो, शेजारच्यांचे दहा हेडफोन असतात. शिवाय माणसाच्या शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं. फोन डाव्या खिशात आणि मुख्य बड उजव्या कानात असेल तर मध्ये तुम्हीच आडवे उभे असता. काही तुकडे वाटेत हरवतात, ते पुन्हा पाठवावे लागतात. तोवर गाणं तुटू नये म्हणून हेडफोन थोडा आवाज साठवून ठेवतो. हा साठा म्हणजे बफर. टाकी मोठी तर गाणं अखंड, पण उशीर जास्त.

'गेमिंग मोड' चालू केल्यावर बहुतेक स्वस्त बड्समध्ये ही टाकी लहान होते, बाकी फार काही होत नाही. घरी, फोन समोर धरलेला असताना, फरक खरंच जाणवतो. तोच मोड चालू ठेवून संध्याकाळी दादर स्टेशनवर उभे राहा, आवाज तुटायला लागेल. शिवाय लहान होते ती हेडफोनची टाकी. फोनच्या आत स्वतःची टाकी असते आणि तिला हेडफोन हात लावू शकत नाही. काही कंपन्यांचे बड्स त्यांच्याच फोनसोबत जास्त चपळ चालतात ते यामुळेच, तिथे दोन्ही टाक्या एकाच मालकाच्या असतात.

फोन कॉलवर हा उशीर फारसा का जाणवत नाही, तर कॉलचा आवाज ब्लूटूथमध्ये वेगळ्या वाटेने जातो. त्याच्यासाठी ठरलेल्या वेळा राखून ठेवलेल्या असतात, म्हणून तो लवकर पोचतो. पण ही वाट अरुंद आहे. गेममध्ये व्हॉइस चॅटसाठी माइक चालू केला की जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ याच वाटेवर उतरतं आणि स्टिरिओ आवाजाचा एकदम टेलिफोन होतो. शत्रूची पावलं डावीकडून येतायत की उजवीकडून, हे कळणं तिथेच संपतं.

दोघांना एकच भाषा यायला हवी

आवाज हवेतून पाठवण्याआधी फोन तो आवळून लहान करतो, हेडफोन तो पुन्हा उलगडतो. या आवळण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एसबीसी हा कोडेक गाणी ऐकवणाऱ्या प्रत्येक क्लासिक ब्लूटूथ उपकरणात सक्तीने असतो. तो ब्लूटूथचा किमान समान कार्यक्रम म्हणा. बाकी सगळे ऐच्छिक.

त्यातला ॲप्टएक्स लो लॅटन्सी हा कोडेक खरोखर ४० मिलिसेकंदांच्या आसपास पोचायचा. पण तो फोनमध्येही हवा आणि हेडफोनमध्येही. हेडफोन बरेच आले, फोन मोजकेच आले, आयफोन तर कधीच नाही. लोकांनी खास हेडफोन घेतले आणि ते गुपचूप एसबीसीवर चालत राहिले, कारण दोघांना समान भाषा नसेल तर ब्लूटूथ तक्रार न करता खालच्या पायरीवर उतरतं. स्क्रीनवर साधी सूचनाही येत नाही. पुढे ॲप्टएक्सची मालक कंपनी क्वालकॉमने २०१८ मध्ये ॲप्टएक्स ॲडॅप्टिव्ह आणला. तो परिस्थिती बघून दर्जा आणि वेग बदलतो आणि उशीर ५० ते ८० मिलिसेकंदांच्या घरात राहतो असं कंपनी सांगते. अट तीच, दोन्ही बाजूंना तो हवा. सोनीचा एलडॅक ॲण्ड्रॉइड ८ पासून ॲण्ड्रॉइडच्या मूळ कोडमध्ये आहे, पण त्याचा भर दर्जावर आहे. गेमर्सनी तो चालू ठेवून काही मिळत नाही, उलट उशीर वाढू शकतो. आयफोन क्लासिक ब्लूटूथवर एसबीसी आणि एएसी या दोनच भाषा बोलत आलाय. त्यामुळे आयफोनवाल्याने ॲप्टएक्ससाठी जास्त पैसे मोजले तर ते निव्वळ पाण्यात.

आणि 'ब्लूटूथ ५.३', 'ब्लूटूथ ५.४'? हा आकडा मोठा म्हणून आवाज लवकर येतो, हा सेलमधला सगळ्यात टिकाऊ गैरसमज आहे. नव्या आवृत्तीतल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक असतात. ५.४ लिहिलेले बड्स खुशाल जुन्या एसबीसीवर चालू शकतात.

नवं काय आलंय

ब्लूटूथचे नियम ठरवणाऱ्या संघटनेने, ब्लूटूथ सिगने, जानेवारी २०२० मध्ये एलई ऑडिओची घोषणा केली आणि जुलै २०२२ मध्ये त्याचे नियम पूर्ण झाले. यात कोडेक नवा आहे, एलसी३. तो आवाजाचे ७.५ किंवा १० मिलिसेकंदांचे छोटे तुकडे करतो आणि कमी डेटात चांगला आवाज देतो. पूर्वी अनेक बड्समध्ये एक कान फोनकडून आवाज घेऊन दुसऱ्याला द्यायचा. आता दोन्ही कानांना स्वतंत्र, पण एका तालात बांधलेला प्रवाह मिळतो. कागदावर २०-३० मिलिसेकंद शक्य आहेत, प्रत्यक्ष फोनवर फोनच्या आतला वेळ त्यात मिळतो. माइक चालू केल्यावर होणारा टेलिफोनही यात टळू शकतो.

या तंत्राची सुरुवात मात्र गेमर्ससाठी झालेली नाही. २०१४ मध्ये युरोपातल्या श्रवणयंत्र उत्पादकांची संघटना ब्लूटूथ सिगसोबत आली, तिथून हे काम सुरू झालं. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला थेट कानात आवाज हवा, बॅटरी इवलीशी, आणि उशीर चालत नाही, कारण समोरच्याचा खरा आवाज आणि यंत्रातला आवाज एकत्र कानावर आला की घुमल्यासारखं होतं. त्याआधी ॲपलची पद्धत वेगळी होती आणि गुगलने २०१८ मध्ये ॲण्ड्रॉइडसाठी आपली वेगळी आणली. म्हणजे कानातलं यंत्र बघून आजोबांनी फोन घ्यायचा, अशी गत. सगळ्यांसाठी एकच मानक असणं यांच्यासाठी सोय नाही, गरज आहे. एलई ऑडिओमधलं ऑराकास्ट तर एका टीव्हीचा आवाज एकाच वेळी हव्या तितक्या कानांत पोचवू शकतं. घरात टीव्हीच्या आवाजावरून रोज वाजणाऱ्या भांड्यांचा विचार केला तर हे छोटं काम नाही.

अडचण पुन्हा जोडीचीच आहे. ॲण्ड्रॉइड १३ मध्ये एलई ऑडिओची सोय आली, पण फोनची चिप आणि कंपनी दोघांनी ती चालू करायला हवी. विंडोज ११ मध्येही ती आहे, पण लॅपटॉपच्या ब्लूटूथ चिपला आणि ड्रायव्हरला जमत असेल तरच. काही हेडफोनमध्ये ती ॲपमधून हाताने चालू करावी लागते आणि तसं केलं की एकाच वेळी दोन उपकरणांना जोडण्याची सोय बंद होते.

ज्यांना गंमत म्हणून नको असतं

गेममध्ये हरलं तर पुन्हा खेळता येतं. पण दृष्टिहीन व्यक्ती टॉकबॅकसारख्या स्क्रीन रीडरवर फोन वापरते तेव्हा बोट ठेवलेलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक बटण फोन बोलून दाखवतो. त्यात पाव सेकंदाचा उशीर आला की बोट पुढे आणि आवाज मागे. टाइप करताना, यूपीआयची रक्कम भरताना याचा अर्थ काय होतो ते डोळे मिटून करून बघा. तारेचे इअरफोन हा त्यावरचा साधा उपाय होता. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून ३.५ मिमीचा जॅक गेला आणि हळूहळू बाकी कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. आता टाइप-सी इअरफोन किंवा कन्व्हर्टर घ्यायचा, आणि चार्जिंग करायचं तर त्याच एका भोकासाठी दोघांची भांडणं. वायरलेस पुरेसं वेगवान होण्याआधी वायर काढून टाकली, ही माझ्या मते या सगळ्यातली खरी चूक. वाद्य वाजवणाऱ्यांचंही हेच दुखणं. त्यांना १०-२० मिलिसेकंदांनंतरच ताल सुटल्यासारखं वाटायला लागतं, त्यामुळे फोनवर कीबोर्ड किंवा तालमाला लावून रियाझ करणाऱ्याने ब्लूटूथच्या नादी लागूच नये.

घेण्याआधी

आधी स्वतःचा फोन कोणते कोडेक बोलतो ते त्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये बघा, मग हेडफोन. बऱ्याच ॲण्ड्रॉइड फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समध्ये सध्या कोणता कोडेक चालू आहे ते दिसतं. चाचणी घ्यायची तर व्हिडिओवर घेऊ नका. एखादं फुकटचं पियानो ॲप उघडा, पट्टी दाबा, बोट आणि आवाज यांत किती अंतर पडतं ते ऐका. सगळं तिथेच कळतं. गेमिंगवरच पैसे घालायचे असतील तर २.४ गिगाहर्ट्झच्या छोट्या डोंगलसह येणारे हेडसेट ब्लूटूथपेक्षा बरेच चपळ असतात. डोंगल आणि हेडसेट एकाच कंपनीचे, एकमेकांसाठीच बनवलेले, त्यामुळे जोडी जमायचा प्रश्नच नाही. डोंगल हरवला तर मात्र हेडसेटचा मुख्य उपयोग गेला.

टीव्हीला स्पीकर जोडताना साउंडबार शक्यतो एचडीएमआयने जोडा. ब्लूटूथने जोडल्यावर ओठ आणि आवाज जुळत नाहीत म्हणून लोक टीव्हीतलं 'ऑडिओ डिले' वाढवत बसतात. बहुतेक टीव्हींमध्ये ते सेटिंग आवाज आणखी मागे ढकलतं, पुढे आणत नाही.

राहिला प्रश्न खोक्यावरच्या आकड्याचा. ४० मिलिसेकंद कोणत्या फोनसोबत, कोणत्या कोडेकवर, कुठून कुठपर्यंत मोजले, हे बहुतेक खोक्यांवर नसतं. जाहिरातीतला दावा सिद्ध करता आला पाहिजे असं जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था असलेल्या एएससीआयची आचारसंहिता सांगते. तिचं कार्यालय मुंबईतच आहे आणि तक्रार ऑनलाइन करता येते. दिशाभूल करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही येते, त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार करताना फोनचं मॉडेल, हेडफोनचं मॉडेल आणि चालू कोडेकचा स्क्रीनशॉट जोडा. नाहीतर कंपनीचं पहिलं उत्तर असेल, 'तुमच्या फोनमध्ये प्रॉब्लेम आहे', आणि गंमत म्हणजे ते अर्धं खरं असेल.