करार संपला, एवढंच

2024च्या मे महिन्यात डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला, तेव्हा मी रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांना फोन केला होता. रिअ‍ॅक्टरमध्ये नेमकं काय बिघडतं, तापमान हाताबाहेर कसं जातं, वस्ती किती लांब हवी, सगळं त्यांनी चाळीस मिनिटं सोप्या मराठीत समजावलं. आणि शेवटी म्हणाले, "फक्त माझं नाव टाकू नका हं. जूनमध्ये ऑर्डर निघायची आहे."

सर तासिका तत्त्वावर आहेत. बातमीत मी लिहिलं, 'जाणकारांच्या मते'. 2016च्या मे महिन्यातही इथेच स्फोट झाला होता, तेव्हाही 'जाणकारांच्या मते'च लिहिलं होतं. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत जाणकार भरपूर आहेत. फक्त त्यांना नावं नाहीत.

मी सरांना दोष देत नाही. घराचा हप्ता आहे, मुलांच्या फिया आहेत. पण असं झालं की मला एक माणूस हटकून आठवतो. आपल्याच रुळांवरून तो वर्षानुवर्षं गेला. राहायचा पुण्यात, नोकरी मुंबईत, ये-जा डेक्कन क्वीनने. कल्याण, डोंबिवली, ठाणे खिडकीतून मागे पडत असणार आणि तो वाचत बसलेला असणार. दामोदर धर्मानंद कोसंबी.

ज्यांना नाव फक्त ऐकून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म गोव्यातला, 1907चा. वडील धर्मानंद, पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. मुलगा हार्वर्डमधून 1929 साली पदवी घेऊन परत आला. बनारस, अलीगढ, मग पुण्याचं फर्ग्युसन. विषय गणित. 1944 साली त्यांनी जनुकांमधलं अंतर मोजायचं एक सूत्र मांडलं, ते आजही आनुवंशशास्त्रात 'कोसंबी' याच नावाने शिकवतात. जुनी नाणी तोलून, वापराने ती किती झिजली यावरून त्यांचा काळ काढता येतो हे त्यांनी संख्याशास्त्राने दाखवलं. भर्तृहरीच्या सुभाषितांची संपादित आवृत्ती काढली. आणि 1956मध्ये 'अ‍ॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी' लिहून राजांच्या याद्यांचा इतिहास बाजूला सारला. नांगर कुणाचा, धान्य कुठे गेलं, व्यापार कुठल्या वाटेने चालला, हे विचारायला शिकवलं.

आपल्या कल्याणचंच घ्या. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दानशूर लोकांची नावं आहेत. लेणी कोरली गेली ती कुठेतरी एकांतात नाही, तर घाट आणि बंदर जोडणाऱ्या व्यापारी वाटांवर, हे कोसंबींनी डोंगर पायी तुडवून मांडलं. आपल्या नगरपालिकांच्या स्मरणिकांत 'प्राचीन बंदर' एवढे दोन शब्द छापून आपण मोकळे होतो. त्या शब्दांना अर्थ देणारा हा माणूस.

1945च्या सुमारास होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. नवी संस्था, देशातली सर्वांत मानाची. तिथे सोळा वर्षं काढली. या काळात भाभा देशाच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे सर्वेसर्वा झाले. आणि कोसंबी? ते जाहीरपणे सांगत राहिले की भारतासारख्या गरीब आणि भरपूर ऊन असलेल्या देशाने अणुभट्टीच्या नादी न लागता सूर्याकडे बघावं. अणुवीज स्वस्त पडेल हा हिशेबच त्यांना मान्य नव्हता. 1960 साली पुण्यात रोटरी क्लबात भाषण करून त्यांनी हेच सांगितलं. शिवाय ते जागतिक शांतता चळवळीत होते, अण्वस्त्रांच्या विरोधात बोलत होते. म्हणजे साहेबाच्या घरात बसून साहेबाच्या सर्वांत लाडक्या प्रकल्पाला नाव घेऊन विरोध.

1962मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला नाही.

संपलं. बडतर्फी नाही, चौकशी नाही. करार संपला, एवढंच.

आता इथे काही जण म्हणतील, तुम्ही अर्धंच सांगताय. खरं आहे, उरलेलं अर्धंही सांगतो. कोसंबींनी 1959 साली गणितातला एक फार अवघड प्रश्न, रीमानचं गृहीतक, सोडवल्याचा दावा केला. तोही एका कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. दावा चुकीचा निघाला. गणितज्ञांत त्यांची नाचक्की झाली. शिवाय माणूस तिखट, फटकळ, संस्थेत जुळवून घेणारा नव्हे. संस्थेची बाजू घेणारे आजही म्हणतात की गणितातलं काम मागे पडलं होतं म्हणून गेले. त्यांच्या बाजूचे म्हणतात की अणुऊर्जेला विरोध केला म्हणून गेले.

माझं म्हणणं असं की हा वाद होऊ शकतो, यातच सगळी गोम आहे. स्पष्ट बोलणाऱ्याला त्याच्या बोलण्यासाठी कधीच काढत नाहीत. त्याचा स्वभाव निघतो, हजेरी निघते, एखादी जुनी चूक निघते. चुका तर गप्प बसणाऱ्यांच्याही असतात. त्या फायलीत झोपून राहतात. बोलणाऱ्याच्या तेवढ्या उठून बसतात.

आणि कुणाला वाटत असेल की कोसंबी म्हणजे डाव्यांचा माणूस, म्हणून तुम्ही कौतुक करताय, तर हे ऐका. कॉम्रेड डांगे गिरणगावचे अनभिषिक्त राजे होते. त्यांनी प्राचीन भारतावर पुस्तक लिहिलं, तेव्हा 1949मध्ये कोसंबींनी त्याची अशी चिरफाड केली की विरोधकांनाही जमली नसती. स्वतःला मार्क्सवादी म्हणवणारा माणूस पक्षातल्या मंडळींना 'अधिकृत मार्क्सवादी' म्हणून चिडवायचा. म्हणजे सरकार नाराज, साहेब नाराज, आणि जे पाठीशी उभे राहिले असते तेही नाराज. एका गटाला शिव्या घालून दुसऱ्या गटाच्या टाळ्या घ्यायच्या, हे आता आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही रोज चालतं. त्याला धाडस म्हणत नाहीत. आपल्याच पंगतीत उठून 'भाजी नासलेली आहे' म्हणणं, हे धाडस.

नोकरी गेल्यावर ते काय करत होते? काम. 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' त्याच 1962 सालचं. 1965मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं त्यांचं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पुस्तक आलं. 29 जून 1966ला पुण्याच्या घरी ते गेले, साठीही गाठली नव्हती. भाभा त्याच वर्षी जानेवारीत विमान अपघातात गेले होते. तेही मोठेच होते, यात वाद नाही. त्यांच्या नावाने देशातलं सर्वांत मोठं अणुकेंद्र उभं आहे. कोसंबींच्या वाट्याला 2008 साली एक टपाल तिकीट आलं.

'काय मिळालं बोलून?' हा आपला आवडता प्रश्न. तर हिशेब बघा. तारापूरची अणुभट्टी आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात 1969 साली सुरू झाली. इतक्या वर्षांनी देशाच्या विजेत अणुऊर्जेचा वाटा जेमतेम 3 टक्के आहे. सौर ऊर्जेची क्षमता 2025च्या सुरुवातीला 100 गिगावॅटच्या पुढे गेली. डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या गच्चीवर पॅनल लागतायत, बिल कमी आलं म्हणून सेक्रेटरी खूश आहेत. अणुऊर्जा नकोच असं माझं म्हणणं नाही, तो तज्ज्ञांचा विषय. पण 1960 साली 'सूर्याकडे बघा' म्हणणारा माणूस काही वेडा नव्हता, एवढं तरी मान्य करा. त्याचं ऐकून घ्यायला आपल्याला नोकरीवरून काढण्यापेक्षा कमी खर्च आला असता.

तेव्हा करार हा अपवाद होता. आज कॉलेजांतून तो नियम झालाय. अकरा महिने, नऊ महिने, तासाप्रमाणे पैसे. लोक म्हणतात, पैसे वाचवायला हे केलं. पैसे तर वाचतातच. पण त्यासोबत एक मोठी शांतता फुकट मिळते. जून येईपर्यंत कुणी बोलत नाही, आणि जून दरवर्षी येतो. उल्हास नदीच्या पाण्यावर, कचऱ्याच्या डोंगरावर, रासायनिक कारखान्यांवर बोलू शकणारी माणसं आपण पगारावर नाही, भीतीवर ठेवली आहेत. नंतर स्फोट झाला की आपणच विचारतो, कुणी आधी सांगितलं कसं नाही?

सांगितलं होतं हो. नाव टाकू नका म्हणाले होते.

प्रत्येकाने कोसंबी व्हावं असं मी म्हणत नाही. मलाही जमलेलं नाही, अनेक बातम्या मी स्वतः बोथट केल्यात. पण निदान जो बोलतो त्याच्या स्वभावाची चर्चा आपण करू नये. तो काय म्हणतोय ते आधी बघावं. आणि कायम नोकरीत, पेन्शनच्या उंबरठ्यावर बसलेल्या प्राध्यापकांना हात जोडून विनंती आहे, तुमची ऑर्डर जूनमध्ये निघायची नाही. तुम्ही तरी नाव टाकू द्या.