राक्षसाचं मर्म
या आठवड्यात १९८१ सालचा ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ पुन्हा पाहिला आणि पुन्हा चिडलो. एवढा अजस्र क्राकेन, आणि मेडुसाचं मुंडकं समोर धरताच त्याचा दगड! मुळात हा प्राणी ग्रीक नाहीच, तो नॉर्वेच्या दर्यातला. अठराव्या शतकात बिशप पाँटोपिडान यांनी लिहून ठेवलंय, की तळाशी क्राकेन असला की वर मासळी रग्गड मिळते. कोळी खुशाल तिथेच होड्या थांबवत आणि पाण्याची खोली कमी होऊ लागली की जीव घेऊन वल्ही मारत. म्हणजे त्याचं मर्म होतं संथपणा, आणि ते हेरायला खोली मोजायची दोरी पुरे. १८७० सालच्या ज्यूल व्हर्नच्या कादंबरीत महाकाय माकुलाच्या मऊ मांसात विजेच्या गोळ्या फुटत नाहीत, म्हणून कप्तान नीमोची माणसं कुऱ्हाडी उचलतात. हेही पटतं. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मध्ये मात्र क्राकेन मालकाच्याच हातून मरतो, तोही पडद्याआड, एवढ्या मोठ्या जिवाचा हा अपमान आहे. खरा महाकाय माकूल बघा: त्याची अन्ननलिका मेंदूच्या मधून जाते, त्यामुळे घास बारीक करूनच गिळावा लागतो, आणि स्पर्म व्हेल तर त्यालाच गिळतो. राक्षसाचं मर्म त्याच्या देहात आणि स्वभावात असावं, नायकाच्या पिशवीत नव्हे. ज्या लेखकाने आपला राक्षस नीट ओळखलेला नसतो, तोच बाहेरून जादू मागवतो.