माळढोकाच्या मुलखात, गाडीने

आपल्या सीमाभागातल्या घरांत सहलीचा पहिला घोळ होतो तो तारखांचा. इकडे कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, तर कोल्हापूर-सांगलीच्या भाचरांना दिवाळीला. मामाकडची मुले मोकळी होतात तेव्हा आपल्या मुलांच्या वह्या परत उघडलेल्या असतात. मग 'बघू पुढच्या वर्षी' असे म्हणून राजस्थानचा बेत पुन्हा कपाटात जातो. हा बेत म्हणजे बहुधा जयपूर, उदयपूर, जोधपूर, सात दिवसांत सात किल्ले आणि शेवटी उंटावर बसून काढलेला एक फोटो. त्यात वावगे काही नाही. पण ज्यांना स्वतःच्या गाडीने जायचे आहे आणि ज्यांच्या घरी जरा कळती मुले आहेत, त्यांना आज दुसराच रस्ता सुचवतो. यात किल्ले कमी आहेत, आणि वाळवंटातली अभयारण्ये जास्त.

रस्ता शोधण्यासाठी लांब जायला नको. गावातला जुना पी. बी. रोड बाजूला ठेवून बेळगावच्या अंगावरून जो महामार्ग जातो, तोच राष्ट्रीय महामार्ग ४८ पुणे, मुंबई, सुरत, वडोदरा करत अहमदाबादला पोचतो. हे अंतर सुमारे एक हजार किलोमीटर. तिथून डावीकडे वळले की पुढे जैसलमेरपर्यंत आणखी पाचशेच्या वर. येऊन-जाऊन आणि आतले फिरणे धरून साडेतीन हजारांच्या घरात जाते. दिवस बारा हवेत. दहात बसवाल, पण मग मुलांच्या लक्षात फक्त टोलनाके राहतील.

गाडी चालवणारा घरात एकच असेल तर मी स्पष्ट सांगेन, बेळगावहून गाडी नेऊ नका. म्हैसूर-अजमेर आणि बंगळूर-जोधपूर या रेल्वेगाड्या आपल्या स्टेशनावरून जातात. आपल्या पेठेतले राजस्थानी व्यापारी वर्षानुवर्षे त्यांनीच गावाकडे ये-जा करतात. अहमदाबादपर्यंत रेल्वेने जावे आणि पुढे तिथली गाडी चालकासकट घ्यावी. घरातल्या अज्जींनाही मग बरोबर नेता येते. कॉलेजातली मुले मला म्हणतात, "सर, आम्ही बुलेटवरून जातो." जा बाबांनो, पण दिवसाला चारशे किलोमीटरवर थांबा, आणि अंधार पडल्यावर गाडी लावून टाका. तिकडच्या रस्त्यांवर रात्री गाय, नीलगाय आणि उंट यांपैकी काय आडवे येईल याचा नेम नसतो. गुजरातेत दारूबंदी आहे, तेव्हा गोव्याहून आणलेली बाटली डिकीत राहिलेली नाही ना, हेही निघण्यापूर्वी पाहिलेले बरे.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरची दसऱ्याची सुट्टी या प्रवासाला लवकर होते. उन्हाळ्याचा तर विचारच नको. याच वाटेवरच्या फलोदी गावी १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता. आपण सह्याद्रीच्या दमट हवेतली माणसे. तिकडे हिवाळ्यातही दोन दिवसांत ओठ फुटतात आणि नाक कोरडे पडते. जानेवारीच्या रात्री पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो, म्हणून स्वेटर आणि व्हॅसलीन दोन्ही हवे.

पहिला मुक्काम कच्छच्या छोट्या रणाच्या काठावर, दसाडा परिसरात. अहमदाबादहून हे शंभरेक किलोमीटर. येथील घुडखर अभयारण्य सुमारे ४,९५४ चौरस किलोमीटरचे आहे आणि साठच्या दशकाच्या अखेरीस येथील रानगाढवे चारशेच्या आत आली होती. २०२४ च्या गणतीत ती ७,६७२ भरली. 'गाढव' म्हणून आपण ज्याची चेष्टा करतो त्या घराण्यातले हे जनावर इतके देखणे आणि इतके वेगवान असते, की पहिल्यांदा पाहणाऱ्याला पटत नाही. पावसाळ्यात हे रण पाण्याखाली जाते आणि जमिनीचे उंचवटे तेवढे बेटांसारखे वर राहतात, म्हणून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अभयारण्य बंदच असते. नंतर वरचा थर वाळतो, खालचा चिखल मात्र ओलाच असू शकतो. आपली गाडी त्यात घालू नये, स्थानिक जीप आणि वाटाड्या घ्यावा. वाटेत अगरियांची मिठागरे लागतात, तिथे पाच मिनिटे थांबून मुलांना मीठ कसे धरते ते दाखवा.

रणाच्या कडेला एक ओळखीचे झाड भेटेल. आपल्याकडे तिला वेडी बाभूळ म्हणतात, कानडीत बळ्ळारी जाली, आणि गुजरातीतल्या नावाचा अर्थही 'वेडी बाभूळ' असाच आहे. परदेशातून आणून लावलेली ही काटेरी जात गवताळ जमीन गिळत चालली आहे. वेडेपणा कुणाचा, झाडाचा की लावणाऱ्यांचा, हा प्रश्न मात्र तिन्ही भाषांनी सोडून दिलेला दिसतो.

तिथून राधनपूर, थराद, सांचोर करत बाडमेर. हा दिवस निव्वळ प्रवासाचा. बाडमेरहून जैसलमेर दीडशे किलोमीटरवर. त्याच रस्त्यावर, जैसलमेरच्या अलीकडे सतरा किलोमीटरवर आकल येथे अश्मीभूत झाडांचे उद्यान आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जुरासिक काळातले ओंडके दगड होऊन उघड्यावर पडलेले आहेत. तासाभरात पाहून होते, पण वाळवंटात एके काळी दाट जंगल होते हे मुलांना पुस्तकातून पटत नाही, ते इथे पटते.

आता मुख्य ठिकाण, डेझर्ट नॅशनल पार्क. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेले हे क्षेत्र ३,१६२ चौरस किलोमीटरचे आहे. नावात राष्ट्रीय उद्यान असले तरी कायद्याने ते अभयारण्यच, आणि आत गावे, शेते, मेंढरे सगळे आहे. वाळूच्या टेकड्या म्हणाल तर एकूण जमिनीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. बाकी सारे कठीण माळरान, खडी आणि सेवण गवत. आपल्या अथणी-विजापूरकडच्या माणसाला हा माळ परका वाटणार नाही. परवानगीसाठी जैसलमेरच्या वनखात्याच्या कचेरीत आदल्या दिवशीच चौकशी करावी. सीमा जवळ असल्याने सर्वांची ओळखपत्रे जवळ ठेवावीत आणि लष्कराच्या गाड्यांचे फोटो काढू नयेत. सुदासरीच्या कुंपणबंद भागात पहाटे पोचले की चिंकारा, वाळवंटी कोल्हा, गिधाडे दिसण्याची आशा असते.

आणि माळढोक. त्यासाठीच तर हा एवढा खटाटोप. पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा, माणसाच्या कंबरेच्या वर उंची असणारा हा पक्षी राजस्थानात गोडावण म्हणून ओळखला जातो आणि तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. पण आपल्यालाही तो परका नव्हता. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य झाले. आपल्या राणेबेन्नूरचे अभयारण्य १९७४ मध्ये काळविटांबरोबर त्याच्यासाठीही राखले गेले. बळ्ळारी जिल्ह्यात सिरुगुप्प्याच्या बाजूलाही तो होता. राणेबेन्नूरच्या माळावर पुढे निलगिरीची लागवड झाली. झाडे लावणे म्हणजे पुण्य, असे आपण शाळेपासून शिकवतो, मीही शिकवतो. पण माळावरच्या पक्ष्याला मोकळा माळच लागतो. उघड्या जमिनीवर तो बहुधा एकच अंडे घालतो, आणि तिथे झाडी झाली की त्याचे घर गेले. आज राणेबेन्नूरला काळवीट आहेत, माळढोक नाही. जंगलात उरलेले पक्षी देशभरात मिळून दीडशेच्या आतबाहेर मोजले जातात आणि त्यांतले बहुतेक या थरच्या वाळवंटात आहेत.

तिथेही त्याला सुख नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, समोरचे त्याला नीट दिसत नाही. अंग जड, त्यामुळे ऐन वेळी वळता येत नाही. विजेच्या तारा त्याला दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार थरमध्ये वर्षाला अठराच्या आसपास माळढोक तारांवर आदळून मरतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश दिला, मार्च २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिच्या शिफारशी स्वीकारल्या. गंमत अशी, की या तारा सौर आणि वाऱ्याच्या विजेच्या आहेत, म्हणजे ज्या विजेला आपण स्वच्छ म्हणतो तिच्या. गदगकडे जाताना पवनचक्क्या पाहून मुले टाळ्या वाजवतात, तशीच जैसलमेरलाही वाजवतील. तेव्हा त्यांना खालच्या तारांकडेही बघायला सांगा. सम येथे माळढोकाची अंडी उबवून पिले वाढवण्याचे काम चालू आहे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिलू जन्मले. तरीही वाढवलेली पिले पुढे सोडायची ती या तारांखालीच ना, हा प्रश्न उरतोच.

म्हणून दोन पथ्ये. ठरलेल्या वाटेवरून गाडी खाली उतरवायची नाही, आणि वाटाड्याला जादा पैसे देऊन पक्ष्याच्या जवळ नेण्याचा आग्रह धरायचा नाही. माळढोक दिसेलच याची हमी कुणी देत असेल तर त्याच्याबरोबर जाऊ नका.

वाटेत सगळीकडे एक झाड सोबत करते, खेजडी. राजस्थानचे राज्यवृक्ष. ते म्हणजे आपली शमी, कानडीत बन्नी. आमच्याकडे दसऱ्याला घरात मराठी बाजू आपट्याचे सोने वाटते आणि कानडी बाजू बन्नीची पाने हातात देत 'बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणु' म्हणते. त्याच बन्नीच्या शेंगांची सांगरीची भाजी तिकडे बाजरीच्या भाकरीबरोबर मिळते. सज्जी रोट्टी खाऊन वाढलेल्या मुलांना ती आवडते, तेव्हा ढाब्यावर इडली शोधत बसू नका. याच झाडांसाठी १७३० मध्ये जोधपूरजवळ खेजडली गावी अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई लोकांनी प्राण दिले. जोधपूरला जाणारच आहात, तर ते गाव पाहून या.

परतताना फलोदीजवळचे खीचन चुकवू नये. मंगोलिया आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून कांड्या करकोचे हजारोंनी इथे हिवाळा काढतात आणि गावकरी त्यांना रोज धान्य टाकतात. पहाटेच तिथे पोचायला हवे. दुपारी गेलात तर तळ्याकाठी काही दिसतील, पण सकाळचा तो गलका नाही. जून २०२५ मध्ये खीचन आणि उदयपूरजवळचे मेनार ही दोन्ही ठिकाणे रामसर यादीत आली. मेनारसाठी परतीच्या वाटेवरून जरा वाकडी वाट करावी लागते. तिथून उदयपूरला येऊन ४८ नंबरचा महामार्ग पुन्हा धरला, की तिसऱ्या दिवशी बेळगाव. रजा मात्र एक दिवस जास्तीची टाका. गाडीतली वाळू झाडायला तेवढा लागतोच.