निळ्या जिभेची स्किंक घरी आणताय? आधी कागद, मग पेटी, शेवटी प्राणी

शेताच्या बांधावर चकचकीत अंगाची सापसुरळी दिसली की आपल्याकडे कुणी तिला 'सापाची मावशी' म्हणतं, तर कुणी विषारी समजून मारतं. खरं तर ती विषारी नसते. तिचीच ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाकडची नातलग म्हणजे ब्लू टंग स्किंक. दीड ते दोन फूट लांबी, आखूड पाय आणि शत्रूला घाबरवण्यासाठी बाहेर काढलेली निळीशार जीभ. परदेशात ती बरीच पाळली जाते. रील्स पाहून पैठणमध्येही कुणाला ती हवीशी वाटली, तर नवल नाही. मात्र ही स्किंक १५ ते २० वर्षं जगते. आज दहावीत असलेल्या मुलाचं लग्न होईपर्यंत ती घरात असेल. म्हणून क्रम महत्त्वाचा.

कागद कोणते मागायचे?

ऑस्ट्रेलिया आपले जिवंत सरपटणारे प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही. तिथल्या अनेक ब्लू टंग स्किंक २०२२ पासून 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात आहेत. भारतात २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार, वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतला प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत 'परिवेश' पोर्टलवर नोंदवावा लागतो. पुढे पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा तो मेला, तरी कळवावं लागतं.

सगळ्या उपजाती या यादीत नाहीत. त्यामुळे 'ही लिस्टमध्ये नाही, टेन्शन घेऊ नका' असं विक्रेता सांगू शकतो. तेवढ्यावर थांबू नका. प्राणी भारतात आला कसा, आयात परवाना कुठे आहे, इथेच जन्मला असेल तर आई-वडिलांची नोंद आहे का, हे विचारा. लेखी उत्तर मिळत नसेल तर व्यवहार सोडा. जून २०२५ च्या सुरुवातीला मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात चाळीसहून अधिक विषारी साप सापडले होते. बॅगेत कोंबून आणलेल्या प्राण्यांना गिऱ्हाईक मिळतं, म्हणूनच हा धंदा चालतो.

पैठणच्या उन्हात पेटी कशी?

एका मोठ्या स्किंकला किमान ४ फूट लांब, २ फूट रुंद पेटी लागते. एका टोकाला ऊन शेकण्याची जागा ३५ ते ३८ अंश, तर दुसरं टोक २४ ते २७ अंश. सोबत यूव्हीबी दिवा, लपायला जागा, पाण्याचं पसरट भांडं आणि उकरता येईल असा मऊ थर.

परदेशी व्हिडिओ पेटी गरम कशी ठेवायची ते शिकवतात. आपली अडचण उलटी आहे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पेटीचं थंड टोक थंड राहत नाही. पत्र्याच्या खोलीत तर ही पेटी ठेवूच नये. दिव्याला थर्मोस्टॅट आणि दोन्ही टोकांना थर्मामीटर लावा. रिकामी पेटी आठवडाभर चालवून भर दुपारचं आणि पहाटेचं तापमान लिहून ठेवा. वीज गेल्यावर काय होतं तेही बघा. आकडे जमले तरच पुढे जा.

पहिले १५ दिवस काय करायचं?

जवळपास काहीच नाही. पाणी बदला, खाणं ठेवा आणि बाजूला व्हा. नवी स्किंक काही दिवस उपाशी राहते, लपते, फुसफुसते. हे घाबरल्याचं लक्षण आहे. पाहुण्यांना दाखवायला बाहेर काढू नका. नंतर पाच-दहा मिनिटं, पोटाखाली आणि चारही पायांना आधार देऊन उचला. प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा. सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो. पाच वर्षांखालील मुलांना दूरच ठेवा.

खायला काय?

मोठ्या स्किंकला आठवड्यातून दोन-तीनदा खाणं पुरतं. निम्मा वाटा लाल भोपळा, घेवड्यासारख्या भाज्यांचा. बाकी उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं शिजवलेलं चिकन, पाळलेले किडे आणि थोडं फळ. वर कॅल्शियमची भुकटी. कांदा, लसूण, लिंबूवर्गीय फळं नकोत. कपाशी-मोसंबीच्या शिवारातले किडे आणि गोगलगाई तर अजिबात नकोत. फवारणीचं विष त्यांच्यातून पोटात जातं.

आणि नको झाली तर?

ग्रामीण भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा मुख्य अनुभव गाई-म्हशी आणि शेळ्यांचा असतो. म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर आधी शोधा, त्याच्याशी बोला. तो छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्यालाच मिळणार असेल, तर तो प्रवासही खर्चात धरा.

कंटाळा आला म्हणून तिला नाथसागराच्या काठी सोडणं हा मात्र उपाय नाही. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. परका प्राणी तिथे उपासमारीने मरेल किंवा सोबत आणलेला रोग इथल्या प्राण्यांना देईल. तिला सांभाळणारं दुसरं घर आधीच ठरलेलं नसेल, तर सध्या बांधावरची सापसुरळी बघा. तिला मारू नका, एवढं पुरे आहे.