पर्स सांभाळा, पाणी कमी प्या

आमच्या गटातली एक मैत्रीण पुढच्या महिन्यात बैठकीसाठी पॅरिसला चालली आहे. परदेशी पहिल्यांदाच, आणि एकटी. "तू जाऊन आलीस ना, मग चार सूचना लिहून दे," म्हणाली. लिहायला बसले, तर आधी राग आला तो आम्हाला मिळालेल्या सूचनांचा. म्हणून हे सगळ्याच मैत्रिणींसाठी लिहिते आहे.

गेल्या सप्टेंबरात सासूबाईंना घेऊन मी एका टूरबरोबर गेले होते. अडतीस माणसे, त्यांत एकवीस बायका. निघण्याआधी कंपनीने छापील कागद हातात ठेवला. कंपनीचे नाव घेत नाही, कारण नंतर मुद्दाम आणखी तीन कंपन्यांचे कागद मिळवून वाचले, ते याच वळणाचे निघाले. सर्व पासपोर्ट कुटुंबप्रमुखाकडे ठेवावेत. लेडीजनी दागिने घालू नयेत. लेडीजनी पर्स सांभाळावी. बसच्या प्रवासाआधी पाणी कमी प्यावे. संध्याकाळी सातनंतर लेडीजनी एकट्याने हॉटेलबाहेर पडू नये. पुरुषांसाठी वेगळी सूचना एकच होती: रात्रीचा कॅबरे ऐच्छिक आहे, जादा पैसे आधी भरावेत. (नाचणाऱ्या बायकांबद्दल माझी तक्रार नाही. त्या कामगार आहेत.) पण एकाच शहराची एकच रात्र घरच्या बाईला धोक्याची आणि तिच्या नवऱ्याला करमणुकीची, हे एकाच कागदावर छापताना कोणालाच खटकले नाही?

सासूबाई चौसष्ट वर्षांच्या, मधुमेही. आयुष्यभर सूचना पाळत आलेल्या. ही पण त्यांनी तंतोतंत पाळली. सकाळी अर्धा कप चहा, की थेट रात्री हॉटेलवर पाणी. तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ, अंगात ताप. डॉक्टरांनी विचारले, "दिवसभरात पाणी किती पिता?" त्या गप्प. मी समाजकार्यात एम.ए. केलेली बाई, वस्तीत मुलींना "लघवी तुंबवू नका" असे शिकवणारी, आणि माझ्या शेजारच्या सीटवर हे तीन दिवस चालले होते.

आता जे कागदावर नव्हते ते सांगते. पॅरिसच्या रस्त्यांवर चारशेहून अधिक सार्वजनिक स्वच्छतागृहे आहेत, 'सानिझेत' नावाची. २००६ पासून ती फुकट आहेत. बटण दाबले की दार उघडते. आधीची व्यक्ती बाहेर आली की दार पुन्हा लागू द्यायचे. आतली जागा आपोआप धुतली जाते, मगच आपण जायचे. घाईने दार धरून शिरलात तर तुम्हीच धुतल्या जाल. जमीन ओली असते, साडी असेल तर निऱ्या वर खोचा. पिण्याच्या पाण्याची हिरवी ओतीव लोखंडी कारंजी १८७२ पासून चौकाचौकांत आहेत; वरचा घुमट चार बायकांनी पेललेला आहे. (घुमट पेलायला बायकाच लागतात.) हिवाळ्यात ती बंद असतात, एरवी बाटली भरून घ्या. खाणावळीत जेवायला बसलात तर 'कराफ द'ओ' मागा. नळाच्या पाण्याचा तो तांब्या कायद्याने फुकट आहे. आमच्या बायका युरोचे रुपये करून बाटलीची किंमत बघत आणि तहान मारत. बिलात सेवेचा आकार धरलेलाच असतो, त्यामुळे टिप देणे तुमच्या मर्जीवर.

तिथे तरी बायकांना हे आयते मिळाले, असे समजू नका. एकोणिसाव्या शतकापासून त्या शहरात रस्तोरस्ती मुताऱ्या होत्या, पण फक्त पुरुषांसाठी. २०१८ मध्ये सेन नदीच्या काठी, ऐन वस्तीत, पुरुषांसाठी उघड्यावरच्या लाल मुताऱ्या पुन्हा मांडल्या गेल्या, तेव्हा स्त्री संघटनांनी जाब विचारला, की आमचे काय? मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी'वाल्या मैत्रिणी महापालिकेला हेच विचारत आल्या आहेत.

सासूबाईंजवळ मी दोन दिवस हॉटेलच्या खोलीत बसून होते. टूरचे पैसे बुडाले, पण खोल्या साफ करणारी बाई भेटली. आफ्रिकेतल्या माली देशाची. तिला मराठी येत नाही, मला फ्रेंच येत नाही. तरी कंबर दाखवून आणि बोटे मोजून तिने सांगितले ते कळले: खोलीवर ठरते, तासावर नाही. घरी आल्यावर शोधले. पॅरिसच्या बातिन्योल भागातल्या इबिस हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या वीसेक बायकांनी जुलै २०१९ मध्ये संप पुकारला होता. बहुतेकजणी आफ्रिकेतून आलेल्या, कंत्राटदाराकडे नोकरीला. तासाला साडेतीन खोल्या उरकायचा दट्ट्या होता. बावीस महिने त्या हटल्या नाहीत. मे २०२१ मध्ये पगारवाढ आणि कामाचे प्रमाण कमी करण्याचा करार झाला. त्यांच्यातली एक, राशेल केके, २०२२ मध्ये फ्रान्सच्या संसदेत निवडून गेली. अडतीस जणांच्या आमच्या गटाने रोज सकाळी ओले टॉवेल आणि ठेपल्याचा चुरा खोलीभर टाकून बस गाठली. त्या कागदावर याबद्दल एक ओळही नव्हती.

आता पर्स. पर्स सांभाळाच. मेट्रोत आणि गर्दीच्या ठिकाणी चोऱ्या होतात, पिशवी पुढे धरा, कोणी कागदावर सही मागितली तर थांबू नका. पण मोंमार्त्रच्या पायऱ्यांवर सहीचा कागद घेऊन तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी आली, तेव्हा आमचा टूरवाला ओरडला, "जिप्सी आहे, चोर जात आहे!" आणि सगळ्यांबरोबर मीही तिला कोपराने ढकलले. मी. जी पारधी वस्तीवर आठ वर्षे काम करते आणि हेच वाक्य ऐकले की फौजदाराशी भांडते. ती मुलगी रोमा होती की नव्हती, आम्हांला कोणालाच माहीत नव्हते. रोमांचे पूर्वज आपल्याच उत्तर हिंदुस्थानातून गेले, हे त्यांची भाषा सांगते. इंग्रजांनी १८७१ मध्ये जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, १९५२ मध्ये तो कायदा गेला, शिक्का गेला नाही, हे मी शिबिरांत शिकवते. मेट्रोत मुलींना मारून, धमकावून चोऱ्या करायला लावणाऱ्या टोळीवर २०१३ मध्ये पॅरिसच्याच न्यायालयात खटला होऊन शिक्षा झाली होती. म्हणजे पर्स मारणारी पोरगी स्वतः कोणाच्या तरी मुठीत असू शकते. पर्स धरावी, पण ढकलू नये, 'चोर जात' म्हणू नये, हे आधी स्वतःलाच सांगते आहे.

रात्रीचे म्हणशील, तर मैत्रिणी, बाहेर पड. मेट्रो मध्यरात्रीनंतर साधारण सव्वा वाजेपर्यंत असते, शुक्रवार-शनिवारी आणखी तासभर. रात्री दहानंतर पुष्कळ बस-मार्गांवर दोन थांब्यांच्या मध्येही उतरवतात, चालकाला आधी सांगायचे. गाडीत कोणी त्रास दिला तर ३११७, कुठल्याही तातडीसाठी ११२. २०१८ च्या कायद्याने रस्त्यावर बाईला अश्लील बोलणे हा दंडाचा गुन्हा आहे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात घ्यावीच लागते, आपल्या झीरो एफआयआरसारखी. घेताना तोंड वाकडे करतात म्हणे, पण तो अनुभव आपल्याला नवा नाही.

पासपोर्ट स्वतःजवळ ठेव. व्हिसाच्या एजंटाने मला विचारले होते, "मिस्टरांचे संमतीपत्र आणलेत?" सज्ञान बाईला नवऱ्याची परवानगी लागत नाही. खर्च तो करणार असेल तर खर्चाची हमी लागते, ती वेगळी गोष्ट. आमच्या गटातल्या एकीचे नवऱ्याशी भांडण झाले, तेव्हा तिला हॉटेलच्या दारापर्यंतही जाता येईना. पासपोर्ट त्याच्या खिशात.

आणि बघायचे काय? कॉन्कॉर्दच्या चौकात राजाराणीची मुंडकी कुठे उडाली ते गाइडने रंगवून सांगितले. १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ओलांप द गूजलाही त्याच चौकात ३ नोव्हेंबर १७९३ ला मारले, ते नाही सांगितले. त्या देशात बायकांना मताचा हक्क १९४४ मध्ये मिळाला. पाँतेऑनच्या दारावर 'थोर पुरुषांस कृतज्ञ मातृभूमी' असे कोरलेले आहे. स्वतःच्या कर्तृत्वावर आत गेलेली पहिली बाई मारी क्युरी, तीही १९९५ मध्ये. आपल्या मुंबईच्या मादाम कामा या शहरात किती वर्षे राहिल्या, पण आमच्या बसला तिकडे जायला वेळ नव्हता, अत्तराच्या दुकानाला दीड तास होता. तेराव्या विभागात मार्गरित द्युराँ ग्रंथालय आहे. त्या पत्रकार बाईने १९३१ मध्ये शहराला दिलेल्या संग्रहातून उभे राहिलेले, केवळ स्त्रियांच्या इतिहासाचे. वेळा आधी विचारून घे आणि आपल्या अंकाच्या दोन प्रती तिथे देऊन ये.

टूरच्या कंपनीला मी पत्र लिहिले. पाणी कमी पिण्याची सूचना काढा, स्वच्छतागृहांचा नकाशा द्या, प्रत्येकीचा पासपोर्ट प्रत्येकीकडे, दर दोन तासांनी बस थांबवा. एकवीसपैकी तेरा जणींनी सह्या केल्या. पहिली सही सासूबाईंची आहे. चार महिने झाले, उत्तर नाही. तुमच्या भिशीतल्या, बचतगटातल्या, महिला मंडळातल्या बायका टूरला निघत असतील तर पैसे भरण्याआधी त्यांनी हेच लेखी मागावे. पत्राचा मसुदा आमच्या कचेरीत ठेवला आहे, हवा त्या गटाने मागवून घ्यावा.