किल्ल्याचा पहिला तट

नाशिकच्या उत्तरेचा रामशेज मोगलांनी १६८२ मध्ये वेढला आणि पुढे काही वर्षे तो झुंजत राहिला. या वेढ्याच्या वर्णनांत किल्लेदार येतो, गोफणगुंडे येतात, लाकडी तोफाही येतात. कडा मात्र केवळ पार्श्वभूमी म्हणून उरतो. हा त्या कड्यावर अन्याय आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. काही घट्ट, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. ऊन, पाऊस, ओढे यांनी ठिसूळ थर आधी झिजवला; आधार सुटलेला वरचा कठीण कातळ उभ्या भेगांवर तुटत गेला आणि सरळसोट कडे उभे राहिले. धोडपची प्रसिद्ध भिंत तर जमिनीच्या भेगेत गोठलेला शिलारस आहे. भोवतालचा खडक झिजून गेला, ती उरली. (पर्यटक तिला मानवी बांधकाम समजतात, यात नवल नाही.) माणसाने कुठे कातळ तासला, कुठे तट घातला, पण जागा निवडण्यापूर्वीच निम्मा किल्ला तयार होता.

म्हणूनच नाशिकभोवतीच्या टेकड्यांना खडीसाठी सुरुंग लागतात, तेव्हा तो केवळ पर्यावरणाचा प्रश्न राहत नाही. तटाचा निखळलेला चिरा पुन्हा बसवता येतो, फोडलेला कडा नाही. दुर्गसंवर्धनाची मागणी करताना तटबुरुजांबरोबर कडा आणि त्याखालचा उतारही त्यात धरावा. चालून आलेल्या फौजेला प्रथम तोच अडवत असे.